सर्वश्रेष्ठ अल्बमच्या यादीवर प्रतिक्रिया कशी लिहावी

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत मासिकाने २००३ मध्ये पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमची यादी काढली तेव्हा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ पहिला होता. २०२० मध्ये तो २४ वर घसरला आणि अमेरिकी गायक मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहाव्यावरून पहिला आला. दोन्ही रेकॉर्डमधला एक सूरही बदललेला नव्हता; मतदार बदलले होते. म्हणून आधी यादीची प्रस्तावना वाचा: मतं कोणाची, प्रत्येकाने किती अल्बम निवडले, गुण कसे मोजले. २०२० मध्ये तीनशेहून अधिक कलाकार, निर्माते आणि समीक्षकांनी प्रत्येकी ५० अल्बमची यादी दिली होती.

गुणांचं गणित कागदावर करून पाहा. समजा पहिल्या क्रमांकाला ५० गुण आणि पन्नासाव्याला १. एक अल्बम दोघांनी पहिला ठेवला तर त्याचे १०० गुण. दुसरा सहा जणांनी पंचविसावा ठेवला, तर २६ गुणिले ६, म्हणजे १५६. कुणाचाच सर्वांत लाडका नसलेला, पण पुष्कळांना आवडणारा अल्बम असा वर चढतो. एकाच कलाकाराचे चार-पाच अल्बम तोडीस तोड असले तर मतं फुटतात आणि सगळेच खाली येतात. ‘हा इतका खाली कसा?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथेच मिळतं.

मग ऐकणं. हे टाळून लिहिलेली प्रतिक्रिया लगेच ओळखू येते. ॲपमध्ये शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय) बंद करा, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय) शून्यावर आणा आणि मूळ गाण्यांचीच आवृत्ती निवडा. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) नऊ गाण्यांचा, जेमतेम ३५ मिनिटांचा आहे. डिलक्स आवृत्तीतल्या जादा गाण्यांनी त्याचा शेवटच हरवतो. सुरुवातीची गप्पांची कुजबुज, त्यातून निघणारा सॅक्सोफोन, मग गेचाच आवाज दोन थरांत एकमेकांना उत्तर देतो आणि पहिलं गाणं न थांबता दुसऱ्यात मिसळतं. शफलवर यातलं निम्मं हाती लागत नाही. हेडफोनवर सलग ऐका, एक दिवस जाऊ द्या, पुन्हा ऐका. दुसऱ्या वेळी मिनिट-सेकंदासह टिपणं काढा.

जुन्या रेकॉर्डची आवृत्तीही तपासा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची (१९५९) पहिली बाजू टेप मशीनच्या वेगातल्या चुकीमुळे कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात वाजत होती, १९९० च्या दशकात ती दुरुस्त झाली. दोघांनी वेगळ्या आवृत्त्या ऐकल्या असतील तर वाद घालण्यात अर्थ नाही.

लिहिताना एकच अल्बम घ्या. ‘ओव्हररेटेड’ हा शब्द खोडा आणि त्या जागी टिपणातली एखादी जागा लिहा: चौथ्या गाण्यात ताल कुठे सैल पडतो, कुठलं कडवं उगाच लांबतं. एखादा अल्बम यादीत हवाच असेल, तर त्यासाठी कुठला काढायचा तेही लिहा, आणि तो काढण्याआधी तोही दोनदा ऐका.