पोर्तुगीज राजवटीतली शाळा आजी-आजोबांकडून कशी उतरवून घ्यावी

घरात किंवा शेजारात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल आणि त्यांचं बालपण गोव्यात गेलं असेल, तर हे काम या सुटीतच करा. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्या दिवशी चौथीत असलेल्या मुलानेही आता सत्तरी ओलांडली आहे, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात पूर्ण शाळा काढलेली माणसं त्याहून थकलेली आहेत. त्यांच्यामागे सरकारी फायली राहतील. पण मुलं शाळेतून घरी आल्यावर काय बोलत आणि काय बोलायला त्यांना मनाई होती, हे फायलींत मिळत नाही.

मी फोंडा तालुक्यात मराठी शिकवत होते. निवृत्तीनंतर ओळखीच्या घरांत बसून अशा आठवणी रेकॉर्ड करते. त्यातून जे कळलं ते सांगते.

जाण्याआधी थोडी माहिती डोक्यात हवी. सालाझार 1932 मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि 1933 च्या घटनेने त्याची राजवट पक्की झाली. एकच पक्ष, सेन्सॉर, गुप्त पोलिस आणि ‘देव, देश, कुटुंब’ ही घोषणा. 1936 पासून मुलांसाठी ‘मोसिदादे पोर्तुगेझा’ ही संघटना होती. हिरवा सदरा, पट्ट्याच्या बकलावर ‘एस’ आणि हात पुढे उंचावून सलाम. या राजवटीला फॅसिस्ट म्हणावं की नुसती हुकूमशाही, यावर इतिहासकार वाद घालतात. पण पक्ष एकच, पोलिस गुप्त आणि मुलांनी हात उंचावून सलाम करायचा, एवढं पाहिल्यावर मला तरी फॅसिस्ट म्हणायला अडचण वाटत नाही. लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेलं कोणी भेटलं तर मोसिदादेबद्दल मुद्दाम विचारा.

पहिला प्रश्न ‘त्या काळी कसं होतं?’ असा कधीच टाकू नका. उत्तर ‘बरं होतं’ नाहीतर ‘वाईट होतं’ एवढंच येतं आणि गाडी तिथेच अडते. वाटेपासून सुरुवात करा. घरातून निघाल्यावर आधी कोणाचं घर लागायचं, ओहोळ कुठे ओलांडायचा, पायांत काय असायचं. माणूस चालायला लागला की आपोआप शाळेच्या दारात येतो. मग भिंतीवर या. समोर काय टांगलं होतं? पोर्तुगालमधल्या वर्गांत क्रूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सालाझार आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या तसबिरी असत. इथल्या शाळेत तसबीर होती का आणि कोणाची, हे नीट विचारा. राष्ट्राध्यक्षांपैकी कार्मोना आठवत असेल तर वर्ष 1951 च्या आधीचं, क्रावेरु लोपिश असेल तर 1951 ते 1958 मधलं, तोमाश असेल तर त्यानंतरचं.

साल थेट विचारण्यात काही अर्थ नसतो. सालं लक्षात राहत नाहीत, खुणा राहतात. राममनोहर लोहिया मडगावला पोर्तुगीज राजवटीविरुद्ध बोलले ते 18 जून 1946. सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला गर्दी लोटली ती 1952 च्या डिसेंबरात. भारताने सीमा आवळली आणि रेल्वे बंद पडली ते 1955. शाळेचे पैसे रुपयांत दिले की एस्कुदोंत, हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण एस्कुदो 1959 मध्ये आला आणि एका रुपयाचे सहा एस्कुदो झाले. घरात हॉलंडचे बटाटे शिजत होते असं कोणी म्हणालं, की समजा भारताने केलेल्या नाकेबंदीचा काळ चालू आहे.

पाठांतर म्हणवून घ्या. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. ‘प्रिमेर ग्राव’, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षण, केलेले साखळीकडचे एक आजोबा माझ्या प्रश्नांना एकेका शब्दात उत्तरं देत होते. मी पोर्तुगालच्या नद्या विचारल्या मात्र, ते ताठ बसले. डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोट आपटत, उत्तरेकडून दक्षिणेकडे: मिन्यो, दोरो, मोंदेगो, तेजो, सादो, ग्वादियाना. मागोमाग रेल्वेमार्ग. मग मी गोव्यातल्या नद्या विचारल्या. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “ते पुस्तकात नव्हतं.” ज्या राजवटीत मुलाला आपल्या दारातली म्हादई शिकवत नाहीत आणि हजारो मैलांवरचं तेजो पाठ करवून घेतात, तिच्याबद्दल मला वेगळी टिप्पणी लिहावी लागली नाही.

हिंदू घरांत बऱ्याचदा दोन शाळा असत. एक सरकारी पोर्तुगीज आणि दुसरी देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत) किंवा कोणाच्या ओसरीवर भरणारी मराठी. दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा: कोणती आधी भरायची, दोन्हीकडचं पुस्तक एका पिशवीत चालायचं का, मराठी शाळेत गाणी कोणती म्हणत, शिवाजी महाराजांचा धडा व्हायचा का. मराठी शाळांवर पोलिसांची नजर होती, आणि ती का होती हे मोहन रानडे यांच्यावरून कळतं. ते सांगलीहून येऊन मराठी शाळेत शिक्षक झाले, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि 1955 मध्ये पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सुटले ते 1969 च्या जानेवारीत. म्हणून ‘तुमचे मास्तर कधी अचानक यायचे बंद झाले का?’ हा प्रश्न विसरू नका. मुलांना त्याचं काय कारण सांगितलं, हेही विचारा.

आता एक गोष्ट, जी सुशिक्षित घरांतले नातू हमखास विसरतात. मुक्तीच्या वेळी गोव्यात दहांतल्या जवळजवळ सात जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुंडकारांची (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांची), शेतमजुरांची मुलं, आणि बहुतेक मुली, शाळेच्या बाहेरच होत्या. त्यांची आठवणही शाळेचीच आठवण आहे. त्यांना ‘शाळेत का नाही गेलात?’ असं विचारू नका, त्यात दोष त्यांच्याकडे जातो. ‘पोरं शाळेत जायची तेव्हा तुम्ही कुठे असायचात?’ असं विचारा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरची भांडी, गुरं, धाकट्या भावाला कडेवर घेणं, सगळं बाहेर येतं.

मग घराकडे वळा. लग्नपत्रिकाही छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे, इतकी ती नजर घरात शिरलेली होती. वर्तमानपत्रावर सेन्सॉरने तपासल्याची ओळ छापलेली असे. मुंबईच्या मामाचं पत्र फोडलेलं यायचं का? पत्रात काय लिहायचं नाही हे मुलांना कोणी शिकवलं? आणि रेडिओ. 1955 च्या नोव्हेंबरापासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून कोकणी आणि पोर्तुगीजमधून गुप्त नभोवाणी चालवली, ती मुक्तीपर्यंत. ती ऐकणं धोक्याचं होतं. एका आजीने मला सांगितलं, की रेडिओ लागला की वडील पोरांना बाहेर सोप्यावर पाठवत. कोणी अनोळखी वाट चढताना दिसला तर मोठ्याने पाढे म्हणायचे, अशी ताकीद होती. तिला वाटायचं वडिलांना पाढ्यांची फार आवड. खरं कारण कळलं ते मोठेपणी.

‘सालाझारच्या काळात चोऱ्या नव्हत्या, दारं उघडी असायची,’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. वाद घालू नका. आजी आपल्या बालपणाबद्दल बोलते आहे आणि बालपण तिला प्रिय आहे. ते लिहून घ्या, आणि थोड्या वेळाने शांतपणे विचारा, ‘दार उघडं असताना कशाबद्दल बोलायचं नाही असं होतं?’ मला या एका प्रश्नाने इतर सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त दिलं आहे.

कोणी पोलिसांना बातमी देणाऱ्याचं नाव घेईल. त्याची नातवंडं त्याच गावात राहतात, तुमच्या ओळखीचीही असतील. रेकॉर्डिंग बंद करा, नाव कागदावर आणू नका. कोणाच्या भावाला किंवा वडिलांना कोठडीत मारहाण झाली असेल तर ‘पुढे काय झालं?’ असं ढोसू नका. पाणी द्या, विषय त्यांनाच बदलू द्या. आवाज कोणाला ऐकवायचा आणि कोणाला नाही, हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घ्या. त्याच वेळी तारीख आणि गाव बोलून ठेवा.

बाकी तंत्र सोपं आहे. मोबाइल फ्लाइट मोडवर, पंखा बंद, पाऊण तासाहून जास्त बसायचं नाही. मुलगा-सून शेजारी असतील तर ती चुका दुरुस्त करत बसतात, त्यांना प्रेमाने स्वयंपाकघरात पाठवा. आजी कोकणीत बोलत असेल तर कोकणीतच लिहा, मराठी करायची घाई नको. पोर्तुगीज शब्द कानावर पडले तसे देवनागरीत उतरवा. दाखले, प्रमाणपत्रं, वह्या यांचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, ती तशीच टिपा, नाहीतर पुढे नोंदवहीत माणूस सापडणार नाही.

लिहून झालं की पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या वर्षांची वर्तमानपत्रं चाळा आणि दुसऱ्या बैठकीला जा. पहिल्या बैठकीचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून आजीच्या हातात द्या, दिसत नसेल तर वाचून दाखवा. मधेच ती म्हणेल, “असं नव्हे, थांब.” तेव्हा मोबाइल चालू असायला हवा.