पिकअपला लिफ्ट किट घेताना इंच सगळ्यात शेवटी ठरवा

लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांचा संच, घ्यायचं ठरवलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो इंचांचाच. दोन बसवू की चार? मी त्याला उलट तीन प्रश्न विचारतो. गाडीत कायम किती वजन असतं, टायर कोणता लावायचाय आणि गाडी रोज कुठे चालते. याची उत्तरं खरी दिली की इंच आपोआप निघतात, आणि बहुतेक वेळा मनात धरलेल्यापेक्षा कमीच निघतात.

लिफ्ट केली की गाडीखालची जागा वाढली, असं सरसकट धरू नका. बहुतेक पिकअपना मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल असतो आणि सगळ्यात खाली येतो तो डिफरेन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा. तो चाकांनाच जोडलेला असतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच बसवा, जमिनीपासून तो होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही निम्म्याने: टायरचा व्यास 2 इंच वाढला तर गोळा 1 इंच वर जातो. लिफ्टने उचलली जाते ती चासी, बंपर, साइड स्टेप. चढाच्या सुरुवातीला बंपर घासत नाही, उंचवट्यावर पोट टेकत नाही आणि मडगार्डखाली मोठ्या टायरला जागा होते. म्हणून मी आधी टायर ठरवायला लावतो. तो टायर कुठेही न घासता फिरेल एवढी लिफ्ट पुरे. त्यावरचा प्रत्येक इंच गाडीचा तोल वर नेतो आणि वळणावर गाडी जास्त कलते.

बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे बसतात. टायरला जागा मिळते, चासी तिथेच राहते. सस्पेन्शनशी त्याचा संबंध नाही, म्हणून इथे सोडून देतो.

किट बघण्याआधी टेप घ्या. सपाट जागेवर, नेहमीचं सामान गाडीत असताना, हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजा. चारही चाकांचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते आणि आकडा फसवा येतो. या चार आकड्यांवरून बरंच कळतं. एखादी बाजू खाली बसलीय का ते दिसतं. तसं असेल तर तिथली स्प्रिंग थकलीय, आणि थकलेल्या स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) चढवणं म्हणजे आजार तसाच ठेवणं. पुढचा भाग मागच्यापेक्षा किती खाली आहे तेही कळतं. तो कंपनीने मुद्दाम खाली ठेवलेला असतो, म्हणजे मागे माल भरला की गाडी सरळ होते. नुसती पुढून दीड-दोन इंच उचलणारं लेव्हलिंग किट रिकाम्या गाडीवर छान दिसतं. पण रोज माल भरणाऱ्याने किंवा ट्रेलर ओढणाऱ्याने ते घेऊ नये. माल भरला की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

आता वजन. स्प्रिंग निवडायची ती गाडीत कायम असणाऱ्या वजनावर. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) असेल तर पुढची स्प्रिंग जड हवी. मागे कायमची कॅनोपी किंवा हत्यारांची पेटी असेल तर मागचा पाटा (लीफ स्प्रिंग) त्या हिशोबाचा हवा. क्वचित कधीतरी न्यायच्या सामानासाठी जड पाटे घेतले तर एरवी रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते आणि मागचं चाक रस्ता सोडतं. आणि हे नीट लक्षात ठेवा: लिफ्टने गाडीची माल वाहण्याची अधिकृत क्षमता वाढत नाही. ती अ‍ॅक्सल, ब्रेक, चासी आणि टायर धरून ठरलेली असते.

सगळ्यात जास्त विचार पुढच्या सस्पेन्शनचा करायचा. हायलक्स, डी-मॅक्स, रेंजर अशा गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. त्यात स्वस्तातला मार्ग म्हणजे स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीच्या, डोक्यावर बसणारा स्पेसर. स्ट्रट लोअर आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणारा खालचा दांडा) अधेमध्ये कुठेतरी जोडलेला असतो, त्यामुळे 1 इंचाचा स्पेसर चाकाशी साधारण 2 इंच उंची देतो. हा हिशोब माहीत नसलेले लोक 2 इंच लिफ्टसाठी 2 इंचांचा स्पेसर मागतात आणि गाडी जवळपास दुप्पट उचलली जाते. शिवाय अशा स्पेसरने चाक आधीपेक्षा खाली लोंबू लागतं. मग बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्ट त्यांच्या हद्दीच्या टोकाला जातात. गाडीपुढे वाकून बघा: डिफरेन्शियलमधून चाकाकडे जाणारा शाफ्ट मुळात जवळजवळ आडवा असतो, लिफ्टनंतर तो बाहेरच्या बाजूला उतरता होतो. उतार फार झाला की त्याच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस उडतं, धूळ आत जाते आणि सांधा संपतो.

म्हणून स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीला मी 2 इंचांच्या आसपास थांबायला सांगतो. तेही स्पेसरने नव्हे, तर योग्य लांबीच्या स्ट्रटने आणि त्याला जुळलेल्या स्प्रिंगने. 3 इंचांकडे गेलात तर वरचा आर्म बदलायची तयारी ठेवा. मूळ आर्म चाक खाली लोंबलं की स्प्रिंगला टेकू शकतो, आणि अलाइनमेंटमध्ये कॅस्टरही (बाजूने पाहता स्टेअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) पुरेसा मिळत नाही. कॅस्टर कमी झाला की वेगात स्टेअरिंग हलकं आणि भटकं लागतं. 4 इंच आणि त्यावर ब्रॅकेट किट लागतं: डिफरेन्शियल आणि लोअर आर्म खाली उतरवायचे, नकल (हब धरणारा भाग) बदलायचे, काही किटमध्ये चासीचा आडवा तुकडा कापायचा. कापलेली चासी पूर्ववत होत नाही, त्यामुळे हा निर्णय पूर्ण विचारानेच घ्या.

जीप ग्लॅडिएटर किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह फोर्ड एफ-250 सारख्या गाडीला पुढेही अखंड अ‍ॅक्सल असतो. तिला उचलणं सोपं, पण अ‍ॅक्सलला मध्यभागी धरणारा आडवा ट्रॅक बार जुनाच ठेवला तर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. ट्रॅक बार आणि स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) यांचे कोन सारखे राहायला हवेत. नाहीतर खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टेअरिंग आपोआप ओढलं जातं. किटमध्ये या दोन्हींची सोय आहे का, ते आधी बघा.

मागे पाटे असतील तर तीन मार्ग: पूर्ण नवा पाट्यांचा संच, असलेल्या संचात एक जादा पाटा, किंवा अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक. मी पहिलाच सुचवतो. जादा पाट्याने गाडी कडक होते. ब्लॉक उंच असला तर जोर लावताना अ‍ॅक्सल पिळवटतो. ब्लॉकवर ब्लॉक कधीच रचू नका आणि पुढच्या पाट्यांखाली ब्लॉक अजिबात नको. यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणून आवळलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. मागचा प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगला खाली घेणारा स्पेसर लागू शकतो. गाडी जागेवरून निघताना खालून थरथर जाणवली तर आधी तिथेच बघा.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरची लांबी लिफ्टला जुळलेलीच हवी. जुना शॉक ठेवला तर चाक लोंबताना तोच ताणला जातो. बसवून झालं की चासी जॅकस्टँडवर घेऊन चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि प्रत्येक ब्रेक होजला बोटाने चाचपा. होज ताठ लागला तर गाडी रस्त्यावर काढू नका.

टायरचाही हिशोब करा. 31 इंचांवरून 33 वर गेलात तर स्पीडोमीटर 100 दाखवताना गाडी खरं तर 106 च्या आसपास असते. गिअरही तेवढेच लांब होतात, चढावर ओढ कमी वाटते, ब्रेकवर भार वाढतो.

फिटिंगच्या वेळी एका गोष्टीवर अडून बसा. रबरी बुश असलेल्या आर्मचे आणि पाट्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते सैल लावून ठेवायचे. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकून, गाडीचं वजन आल्यावर, टॉर्क रेंचने. हवेतच आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुष्कळ गॅरेजांत घाईत नेमकं हेच सुटतं, म्हणून तिथे उभे राहा.

उंची बदलायला तुमच्याकडे परवानगी लागते का आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. गाडी हातात आली की अलाइनमेंट, हेडलाइटची दिशा आणि पुढे कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन. त्यानंतर हबपासूनचे तेच चार आकडे पुन्हा मोजा. काहीशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट, विशेषतः यू-बोल्ट, पुन्हा टॉर्कवर तपासा. नवे पाटे बसताना हे बोल्ट हमखास थोडे सैल होतात.