सैन्यातून निघालेली जुनी पिस्तुले: निवड, तपासणी आणि नेमबाजी

सैन्याने सेवेतून काढलेली पिस्तुले विकत घेणे, ती जपणे आणि त्यांच्याने नेमबाजी करणे हा छंद मुख्यतः अमेरिकेत रुजला आहे. भारतात त्याला फारसा वाव नाही. सैन्यात वापरल्या गेलेल्या बऱ्याच बोअरची (नळीच्या व्यासाची) शस्त्रे येथे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत आणि शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक शस्त्रे बाळगता येत नाहीत. म्हणून पुढील माहिती अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. त्यांच्यापैकी एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. संघीय कायद्यानुसार, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, त्यांना बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. मात्र प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्याने ते स्वतंत्रपणे तपासावेत.

खरेदीपूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी पक्के करावे: हे पिस्तूल संग्रहासाठी हवे आहे की झाडण्यासाठी? माझ्या मते या छंदातील बहुतेक महागड्या चुका हा निर्णय न घेतल्यामुळे होतात. जर्मन ल्यूगर पी-०८ हे याचे उत्तम उदाहरण आहे. या पिस्तुलाच्या लहानलहान भागांवरही अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, आणि सर्व भागांवरील आकडे जुळणाऱ्या नगाला संग्राहक कितीतरी अधिक किंमत देतात. असे पिस्तूल झाडताना एखादा छोटा मूळ भाग तुटला, तर पिस्तूल दुरुस्त होते, पण गेलेली किंमत परत येत नाही. ज्याला ल्यूगर चालवण्याचा आनंद हवा आहे, त्याने आकडे न जुळणारे, मागाहून रंग चढवलेले, पण यांत्रिकदृष्ट्या निर्दोष पिस्तूल शोधावे. संग्राहकाच्या लेखी जो दोष, तोच नेमबाजाच्या पथ्यावर पडतो.

वॉल्थर पी-३८ च्या बाबतीत निर्मात्याची खूण वाचता आली पाहिजे. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, ‘एसी’ असेल तर वॉल्थर, ‘बीवायएफ’ असेल तर माउझर आणि ‘सीवायक्यू’ असेल तर श्प्रेवेर्क. युद्धाच्या अखेरीस बनलेल्या पिस्तुलांचा पृष्ठभाग खडबडीत असतो, परंतु तो त्या काळाचा पुरावा असल्याने घासून गुळगुळीत करण्याच्या मोहात पडू नये. १९६८ च्या अमेरिकन बंदूक नियंत्रण कायद्यानंतर आयात झालेल्या पिस्तुलावर आयातदाराचे नाव व गाव कोरलेले असते. ज्यावर अशी खूण नाही, ते बहुधा त्यापूर्वी आलेले किंवा एखाद्या सैनिकाने युद्धावरून सोबत आणलेले असते. त्याला किंमतही जास्त पडते. सोबत मूळ कागदपत्र असेल तर उत्तम, पण विक्रेत्याने सांगितलेल्या कथेला मात्र एक पैसाही जास्त देऊ नये.

अमेरिकन एम-१९११ हवे असणाऱ्यांसाठी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम हा सरळ मार्ग आहे. सैन्याकडे पडून असलेली ही पिस्तुले या संस्थेने २०१८ पासून नागरिकांना विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात ती कोल्टबरोबरच रेमिंग्टन रँड, इथाका आणि युनियन स्विच अँड सिग्नल यांनीही बनवली. शिलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिंगर कंपनीने केवळ ५०० नग बनवले आणि आज तेच सर्वांत दुर्मिळ आहेत, त्यामुळे त्यांच्या नकलांपासूनही तितकेच सावध राहावे. पहिल्या महायुद्धातील १९११ च्या स्लाइडचे पोलाद तुलनेने मऊ असते आणि तिला तडे जाण्याची शक्यता असते, म्हणून ते पिस्तूल न झाडणेच इष्ट.

बेताच्या खर्चात सुरुवात करणाऱ्याने पूर्व युरोपाकडे वळावे. सोव्हिएत रचनेच्या टोकारेव्ह टीटी-३३ च्या युगोस्लाव्ह, रुमानियन आणि पोलिश आवृत्त्या बाजारात आढळतात. मूळ टोकारेव्हला वेगळी सेफ्टी (चुकून बार उडू न देणारा खटका) नव्हती, घोडा (हॅमर) अर्ध्यावर अडकवण्याची खाच तेवढी होती. अमेरिकेच्या आयात नियमांमुळे तेथे आलेल्या नगांवर सेफ्टी मागाहून बसवलेली असते आणि ती कित्येकदा बेढब दिसते. चेक सीझेड-५२ चा घोडा अलगद उतरवण्याचा खटका जुन्या नगांत भरवशाचा राहिलेला नसतो, म्हणून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या पोकळीत) काडतूस असताना तो कधीही वापरू नये. त्याची मूळ फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) ठिसूळ असते, तेव्हा रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहण्याची सवयही टाळावी. या सर्वांत माझी पसंती १९५१ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या मकारोव्हला आहे. नळी फ्रेमला पक्की बसवलेली, भाग मोजके, उघडणे सोपे आणि बिघाड क्वचित.

खरेदीचे काम सोपे करणारा परवाना म्हणजे संग्राहकांसाठीचा संघीय टाइप ०३. तो तीन वर्षांसाठी असतो, शुल्क ३० डॉलर आहे आणि त्याखाली मूळ स्वरूपातील ५० वर्षांहून जुनी शस्त्रे, राज्याचा कायदा आड येत नसल्यास, थेट घरी मागवता येतात. प्रत्येक आवक-जावक ठरावीक नोंदवहीत लिहिणे बंधनकारक आहे आणि या परवान्यावर व्यापार करता येत नाही.

पिस्तूल हातात आल्यावर प्रथम मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढावी आणि चेंबर डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपावे. अनेक पिस्तुले कॉस्मोलिन नावाच्या घट्ट, चिकट ग्रीसमध्ये बुडवून गोदामात ठेवलेली असतात. मुठीवरील लाकडी पट्ट्या आधी काढून ठेवाव्यात, मग धातूचे भाग मिनरल स्पिरिटने, हवा खेळती असलेल्या जागी आणि आगीपासून दूर, धुवावेत. फायरिंग पिनच्या पोकळीत साचलेले ग्रीस विसरले जाते आणि पिन अडकून पडली तर धोका संभवतो. त्यानंतर नळीत उजेड टाकून फुगवटा व खड्डे पाहावेत आणि स्लाइडवर, विशेषतः कोपऱ्यांत, बारीक तडे शोधावेत. घोडा ताणून मागून अंगठ्याने रेटला असता तो चाप न ओढता सुटला, तर पिस्तूल थेट जाणकार गनस्मिथकडे न्यावे. स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बहुतेक वेळा दमलेली असते. ती नवी घालावी आणि मूळची पाकिटात नाव लिहून ठेवावी.

काडतुसांच्या बाबतीत नुसत्या नावावर विसंबणे घातक आहे. मकारोव्हचे ९×१८ आणि सर्वत्र मिळणारे ९ मिमी पॅराबेलम ही भिन्न काडतुसे आहेत. मकारोव्हची गोळी किंचित जाडही असते. माउझर सी-९६ चे ७.६३ मिमी आणि टोकारेव्हचे ७.६२×२५ मिमी मापाने जवळजवळ सारखे, परंतु टोकारेव्हच्या काडतुसाचा दाब जास्त असतो आणि जुन्या माउझरला तो झेपत नाही. वेबली मार्क सहा या रिव्हॉल्व्हरची गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल, कारण ब्रिटिश हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांच्या कमरेला ते असे. अमेरिकेत आलेल्या अनेक वेबलींचे सिलिंडर मागून तासून त्यांत .४५ एसीपी (एम-१९११ चे काडतूस) बसेल असे केले गेले. ते काडतूस बसते खरे, पण त्याचा कारखानी दाब मूळच्या .४५५ पेक्षा बराच अधिक असल्याने असे रिव्हॉल्व्हर कारखान्यात भरलेल्या .४५ एसीपीवर चालवू नये.

जुन्या पूर्व युरोपीय काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) बहुधा पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळल्यावर नळीत उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषतो आणि गंज चढवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्याच दिवशी नळी, चेंबर आणि स्लाइडचा पुढचा भाग गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करून, मगच तेल लावावे. हा खटाटोप नको असेल तर सेलिए अँड बेलो किंवा प्रवी पार्टिझान यांची नवी काडतुसे घ्यावीत. पोलादी आवरणाच्या गोळ्या अनेक बंदिस्त रेंजवर चालत नाहीत आणि तेथील कर्मचारी चुंबक लावून तपासतात, तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घेणे बरे.

पहिल्या वेळी डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण घालून मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे. उडालेले कवच उचलून पाहावे. ते फुगलेले, चिरलेले किंवा प्रायमर फाटलेला असेल तर तेथेच थांबावे. सर्व ठीक असल्यास दोन काडतुसे भरून चाप एकदाच ओढावा आणि दोन्ही एकापाठोपाठ सुटत नाहीत ना, हे पाहावे. झिजलेल्या भागांमुळे तसे घडू शकते आणि पूर्ण मॅगझिन भरलेले असताना ते कळून उपयोग नाही. पी-३८ चा घोडा सेफ्टीने उतरवण्याची सोय असली, तरी भरलेल्या चेंबरवर तिची परीक्षा घेऊ नये. घरी परतल्यावर शिशाचे अंश जाण्यासाठी हात साबणाने धुवावेत.

पिस्तूल त्याच्या चामडी होल्स्टरमध्ये ठेवून देणे दिसायला छान, पण चामड्यातील कमावण्याची रसायने आणि ओलावा यांमुळे स्लाइडवर गंजाचे डाग पडतात. म्हणून होल्स्टर वेगळे ठेवावे आणि पिस्तूल तेलाचा पातळ थर देऊन, सिलिका जेलच्या पुडीसह, कुलूपबंद तिजोरीत ठेवावे. काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. प्रत्येक नगाची, अनुक्रमांकांच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रांसह, नोंद करून तिची एक प्रत घराबाहेर ठेवावी. चोरी झाली तर पोलिसांना आणि विमा कंपनीला पहिल्यांदा तोच अनुक्रमांक लागतो.