नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या घराण्याचे मूळ कसे शोधावे

'ओले ओल्सन' एवढ्याच नावावर नॉर्वेच्या दप्तरात शिरलात, तर ओले ओल्सनांची रांग लागेल आणि त्यातला आपला कोणता हे कळणार नाही. नॉर्वेच्या नोंदी उत्तम आहेत, पण त्या पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे, लावलेल्या आहेत. पॅरिश ठाऊक नसेल तर हाती काही लागत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त काम अमेरिकेतल्या कागदांवर करायचे. तिथून चार गोष्टी मिळवायच्या: नॉर्वेतले नाव, पूर्ण जन्मतारीख, पॅरिश आणि शेतवाडी.

आधी नावांची रीत समजून घ्या, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. नॉर्वेत कायमचे आडनाव सक्तीचे झाले ते १९२३ च्या कायद्याने. त्याआधी खेड्यापाड्यांत बापाच्या नावापुढे मुलग्यासाठी 'सेन' आणि मुलीसाठी 'दात्तर' लागे. ओले हान्सेनचा मुलगा हान्स ओल्सेन, मुलगी आने ओल्सदात्तर. लग्नानंतरही ती ओल्सदात्तरच. त्यापुढे येई राहत्या शेतवाडीचे नाव, आणि ते पत्त्यासारखे असे. बाक्केन वाडीवर जन्मलेला माणूस लग्न करून बायकोच्या हाउगेन वाडीवर गेला की हाउगेन होई. परिणामी अमेरिकेत उतरल्यावर एक सख्खा भाऊ ओल्सन, दुसरा बाक्केन, तिसरा हाउगन अशी नावे लावून राहिलेला दिसतो. एकाच आडनावावर शोध घेतलात तर भावंडे निसटतात. आणि बाक्केन, हाउगेन या नावांच्या वाड्या नॉर्वेभर पसरलेल्या आहेत, त्यामुळे पॅरिशशिवाय नुसत्या वाडीच्या नावाचा फारसा उपयोग नाही.

अमेरिकेत सर्वांत आधी लुथरन चर्चची (नॉर्वेजियनांचा प्रोटेस्टंट पंथ) दप्तरे उघडा. बहुतेक सरकारी नोंदींत जन्मस्थान 'नॉर्वे' एवढेच असते; पण नॉर्वेजियन पाद्री लग्न आणि दफनाच्या नोंदीत बऱ्याचदा पॅरिशचे नाव लिहीत. बाप्तिस्म्याचे साक्षीदारही टिपून ठेवा, ते बहुधा नातेवाईक किंवा गाववाले असतात. एकाच भागातले लोक अमेरिकेतही शेजारी शेजारी वसले, म्हणून आपल्या माणसाबद्दल काहीच मिळेना तर शेजाऱ्यांचे मूळ काढा.

१९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना, वर्ष आणि स्थलांतराचे वर्ष मिळते. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली; मिनेसोटा व विस्कॉन्सिनसाठी १८८५ आणि १८९५ च्या राज्य जनगणना ती पोकळी थोडी भरतात. नागरिकत्वाचे कागद १९०६ नंतरचे असतील तर त्यांत जन्मतारीख, जन्मगाव आणि जहाज मिळण्याची आशा धरावी. आधीच्या कागदांत बहुतेकदा देशाचेच नाव, तेही 'स्वीडन व नॉर्वेच्या राजाची निष्ठा सोडली' अशा शब्दांत. १९०५ पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता, म्हणून कागदावर स्वीडन दिसले तरी माणूस स्वीडिश ठरत नाही. १८६२ च्या कायद्याखाली १६० एकर जमीन घेतली असेल तर ती फाइल मागवा. परदेशात जन्मलेल्याच्या फाइलीत नागरिकत्वाचे कागद जोडलेले असतात. 'डेकोरा-पोस्टेन'सारख्या नॉर्वेजियन वृत्तपत्रांतले मृत्युलेखही चाळावेत. मॅडिसन, विस्कॉन्सिन इथले नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्र याच कामासाठी आहे.

जहाजाच्या यादीवर मात्र फार वेळ घालवू नका. न्यूयॉर्कचे एलिस बेट, म्हणजे स्थलांतरितांची नोंद होई ते ठाणे, उघडले १८९२ मध्ये. १८५० आणि ६० च्या दशकांत बहुसंख्य लोक कॅनडातल्या क्यूबेकला उतरले. पुढे आगबोटींच्या काळात बरेच जण इंग्लंडच्या हल बंदरापर्यंत एका बोटीने, तिथून रेल्वेने लिव्हरपूलला आणि मग दुसऱ्या बोटीने गेले. नॉर्वेतल्या यादीतले जहाज आणि अमेरिकेतले जहाज जुळले नाही म्हणून माणूस चुकीचा ठरत नाही.

चार गोष्टींपैकी तीन हाती आल्या की नॉर्वेच्या डिजिटल अभिलेखागाराकडे वळा. ते मोफत आहे. पोलिसांनी ठेवलेल्या प्रवासी वह्या ओस्लो आणि ट्रॉन्हाइमसाठी १८६७ पासून, बर्गनसाठी १८७४ पासून आहेत. स्टाव्हांगरच्या १९०३ पूर्वीच्या वह्या उरलेल्या नाहीत. वही नसेल तिथे चर्चच्या नोंदवहीतली गाव सोडून गेलेल्यांची यादी पाहायची. मग १८६५ आणि १८७५ च्या जनगणनेत कुटुंब शोधा. दोन्हींत जन्माची पॅरिश दिलेली आहे. १८६५ मध्ये चालू असलेले वर्ष धरून वय लिहिले आहे, म्हणून जन्मसाल एकाने चुकते.

आता बाप्तिस्म्याची नोंद. पाद्र्याची वही आणि सहायकाची वही अशा दोन प्रती असत. एक फाटकी किंवा वाचता न येणारी निघाली तर दुसरी उघडा. दृढीकरणाच्या (किशोरवयात चर्चमध्ये श्रद्धा पक्की करण्याचा विधी) नोंदीत देवीची लस टोचल्याची तारीख असते, ती घाईत जन्मतारीख समजली जाते. जुन्या वह्यांत तारखेऐवजी 'त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' असे चर्चच्या सणावरून लिहिलेले असते; हे सण ईस्टरवर हलतात, तेव्हा त्या वर्षाचे कोष्टक घेऊन तारीख काढावी. अक्षर गॉथिक वळणाचे असते. आधी आठवड्याचे वार आणि नेहमीची नावे ओळखायला शिका, बाकी सरावाने जमते. ठिकाणांची नावेही बदलली आहेत: क्रिस्तियानिया म्हणजे ओस्लो, सोन्द्रे बर्गेनहूस म्हणजे पुढचे होर्दालान.

नोंद सापडली की लगेच आनंद मानू नये. तेच मूल पुढे त्याच पॅरिशमध्ये दफन झाले का, लग्न करून तिथेच राहिले का, हे तपासा. मेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची पद्धत होती, त्यामुळे एकाच घरात दोन हान्स सहज निघतात. पहिला मुलगा आजोबांच्या, म्हणजे बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या नावाचा, हा क्रम कामाला येतो. पण तो पुरावा नव्हे, इशारा आहे. नाव, बाप, वाडी आणि तारीख यांपैकी तीन जुळले आणि चौथ्यात उघड विरोध नसेल, तरच पुढे सरका.

अनेक भागांत वाडीवार इतिहासग्रंथ छापलेले आहेत. ते वाटाड्यासारखे वापरा, प्रत्येक तारीख मूळ वहीशी ताडून घ्या. १८०१ च्या जनगणनेच्या मागे जायचे तर वारसा वाटपाच्या वह्या फार मोलाच्या, कारण त्यांत वारसांची नावे आणि नाती सांगितलेली असतात. त्याही मागे १६६० च्या दशकातली पुरुषांची गणना आहे. तिच्यात खेड्यातले बारा वर्षांवरचे पुरुष येतात, आणि स्त्री दिसली तर बहुधा वाडी चालवणारी विधवा असते.