झॉर्क खेळताय? मग या चुका टाळा

झॉर्कमध्ये मेलात तर फारसं बिघडत नाही. खरी गोची पुढे आहे: एखाद्या चुकीने खेळ कायमचा अडकला तरी तो चकार शब्द काढत नाही आणि तुम्ही तासन्‌तास भुयारात फिरत राहता.

एमआयटीतल्या चौघांनी 1977 मध्ये पीडीपी-10 या मोठ्या कॉम्प्युटरवर लिहायला घेतलेला हा खेळ इन्फोकॉम कंपनीने भाग पाडून घरगुती कॉम्प्युटरवर आणला. पहिला भाग 1980 मध्ये टीआरएस-80 वर आला, मग ॲपल टू वर. चित्र एकही नाही. वाचायचं आणि टाइप करायचं. खाली त्या पहिल्या भागातल्याच चुका आहेत. कोड्यांची उत्तरं फुटतील, हे आधीच सांगतो.

सर्वांत महागात पडतं ते झाडावरच्या घरट्यातलं रत्नजडित अंडं. हातात आलं की प्रत्येकजण ते उघडायला जातो. जोर लावलात की अंडं मोडतं आणि आतला चावीचा पक्षीही. तो धड पक्षी जंगलात वाजवला तरच आणखी एक वस्तू मिळते, म्हणजे 350 पैकी 350 गुण तिथेच हुकले. अंडं उघडण्याचं कसब फक्त भुयारात भटकणाऱ्या चोराकडे आहे. त्याला ते खुशाल देऊन टाका, पण लगेच शस्त्र उपसू नका. अंडं त्याच्या खोलीत पोचून उघडायला वेळ द्या. अंडं देण्याआधीच चोर मारलात तर ते बंदच राहणार. शिवाय तुमची लढण्याची ताकद गुणांवर ठरते, त्यामुळे सुरुवातीलाच त्याच्याशी भिडणं दोन्हीकडून वेडेपणाचं.

दुसरी चूक उजेडाची. कंदिलाची बॅटरी चालीगणिक संपते, आणि अंधारात ग्रू नावाचा माणूस खाणारा प्राणी टपलेला असतो. घराबाहेर कंदील बंद ठेवा. हस्तिदंती मशाल सापडली की तिच्यावर चालवा, ती विझत नाही. मात्र कोळशाच्या खाणीत एका खोलीत गॅस साचलेला आहे. मशाल घेऊन तिथे शिरलात की स्फोट. म्हणून आधीच मशाल खाणीत वरखाली होणाऱ्या टोपलीत घालून खाली सोडायची आणि पुढे कंदिलावर जायचं. त्यापलीकडच्या अरुंद फटीतून रिकाम्या हातानेच जाता येतं, तेव्हा खालची मशालच कामी येते. हे कोडं मला या खेळातलं सर्वांत सुरेख वाटतं.

चक्रव्यूहात चकवा लागल्यासारखं होतं, कारण उत्तरेला गेलात तर दक्षिणेने परत येता येईलच असं नाही. प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकून कागदावर नकाशा काढा. खुणेला मौल्यवान काही टाकू नका, चोर उचलून नेतो. तिथल्या सांगाड्याजवळची नाण्यांची थैली घ्या, सांगाड्याला हात लावू नका.

हवेच्या होडीत तलवार, सुरी किंवा राजदंड घेऊन बसलात तर होडी फुटते. तेवढंच.

काही तक्रारी मुळात बिघाडाच्या नसतातच. एका गोंगाटाच्या खोलीत काहीही टाइप केलं तरी शेवटचा शब्दच प्रतिध्वनीसारखा परत येतो. प्रोग्राम अडकला समजून खेळ बंद करू नका, ‘एको’ टाइप करा. लांब, आर्जवी वाक्यंही लिहू नका: क्रियापद, वस्तू, फार तर ‘पुट एग इन केस’ (अंडं घरातल्या कपाटात ठेव). शब्दाची पहिली सहाच अक्षरं तपासली जातात, त्यामुळे लांब शब्द पूर्ण टाइप करायची गरज नाही.

आजच्या कॉम्प्युटरवर खेळाची झेड-3 फाइल डबल-क्लिक करून उघडत नाही म्हणून ती खराब ठरवू नका. ती चालवायला फ्रॉट्झसारखा इंटरप्रिटर, म्हणजे अशा फाइली चालवणारा प्रोग्राम, लागतो. जुना सेव्ह उघडत नसेल तर आवृत्ती तपासा. एका रिलीजचा सेव्ह दुसऱ्यात चालत नाही. सगळीकडे आढळणारी आवृत्ती रिलीज 88 आहे. आणि एकाच सेव्ह फाइलवर पुन्हापुन्हा लिहू नका. अंडं देण्याआधी, खाणीत उतरण्याआधी, होडीत बसण्याआधी वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करा.