टेप घेऊन शोरूममध्ये जा

आमच्या बिल्डिंगमध्ये नवी गाडी आली की हातात पेढा ठेवता ठेवता पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले. शेवटची अकरा वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर होते. ॲव्हरेजमधल्या दोन किलोमीटरसाठी महिनाभर शोरूमच्या पायऱ्या झिजवायच्या आणि कोटेशनवर मात्र न वाचता सही ठोकायची, असे गिऱ्हाईक तिथे इतके पाहिले की स्वतःची पहिली गाडी घेताना मी क्रम उलटा केला. तुम्हीही दोघं-तिघं शहरात फिरण्यापुरती छोटी गाडी बघत असाल, तर माझ्या वहीतलं उतरवून घ्या.

आधी ॲव्हरेजचं भूत उतरवू. आपण वर्षाला किती किलोमीटर फिरणार ते खरंखरं लिहा. आमचं असं: कोथरूडहून मंडई, डेक्कन, सिंहगड रस्त्याला नणंदेकडे, महिन्यातून एखादी साताऱ्याची फेरी. वर्षाचे सहा हजार झाले तर डोक्यावरून पाणी. आता एक गाडी लिटरला १८ देते आणि दुसरी २०. पहिलीला वर्षात ३३३ लिटर लागेल, दुसरीला ३००. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर फरक साधारण साडेतीन हजारांचा, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आत. एवढ्यासाठी न आवडणारी गाडी दहा वर्षं चालवायची का, हे ज्याचं त्याने बघावं.

आणि १८-२० हे मी मुद्दाम धरलंय. ब्रोशरात २४-२५ लिहिलेलं असतं. त्याला सगळे ‘एआरएआय ॲव्हरेज’ म्हणतात. एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था, १९६६ सालची, आमच्याच टेकडीवर आहे. मी रोज सकाळी तिच्या बाजूने फिरायला जाते. त्या चाचणीत गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या सेकंदांत पळवतात. तिथे नळस्टॉपचा सिग्नल नसतो, पुढे मध्येच थांबणारी रिक्षा नसते. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक आहे. खिशाचा हिशेब करताना मात्र त्यातून चौथा हिस्सा कापा.

सीएनजीचंही असंच. गाडी साधारण ९० हजारांनी महाग पडते. किलोला २५ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला, तर आमच्या सहा हजारांत वर्षाला तेराएक हजार वाचतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला सात वर्षं. रोज हिंजवडी किंवा चाकण गाठणाऱ्याचे वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होत असतील तर तोच हिशेब पावणेतीन वर्षांवर येतो, त्याने डोळे मिटून घ्यावी. फक्त डिकी आधी उघडून बघा. टाकी बसल्यावर तिथे छत्री आणि भाजीची पिशवी एवढंच राहतं. टियागोत एकाऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवल्यात, तिथे थोडी बरी जागा उरते. शिवाय पंपावरची रांग आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), ही दोन कामं कायमची मागे लागतात.

आता टेप. शिवणकामाचा नाही, सुताराचा, पाच मीटरचा. आधी आपलं पार्किंग मोजा. आमची बिल्डिंग १९९३ सालची, बिल्डरने तेव्हा स्कूटर डोळ्यासमोर ठेवून खांब उभे केलेले. माझ्या जागेत एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब, मध्ये सात फूट चार इंच, म्हणजे २२३५ मिलिमीटर. अल्टो के१०ची रुंदी १४९०, वॅगनआरची १६२०, टियागोची १६७७. हे आकडे आरसे सोडून असतात, हे सेल्समन सांगत नाही. भिंतीकडे वीतभर सोडून वॅगनआर लावली की माझ्या दाराला सव्वा फूट उरतो. दार अर्धं उघडून, श्वास आत ओढून उतरता येतं. टियागोत त्यातले सव्वादोन इंच गेले असते आणि नेमके तेवढ्यातच माझं पोट अडलं असतं. हसू नका, रोज दोनदा उतरायचंय. आमचे हे आणि बाकीची मंडळी फाटकाशीच उतरतात, म्हणून डाव्या दाराचा प्रश्न आला नाही. तुमच्याकडे येत असेल तर तोही मोजा. मेकॅनिकल पार्किंग असेल तर पाटीवर लिहिलेली उंची आणि वजन टिपून घ्या, कारण सगळ्यात उंच गाडी तिथे मावेलच असं नाही.

टेप खिशात ठेवूनच शोरूममध्ये जा आणि घरातलं सगळ्यात दुखरं माणूस बरोबर न्या. ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. प्रत्येक गाडीत मी ह्यांना दहा वेळा बसवलं आणि उठवलं. पहिल्या दोन-तीन वेळा माणूस भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतो, खरं काय ते आठव्या वेळेला कळतं. अल्टोत बसताना खाली गेल्यासारखं होतं आणि उठताना वरची चौकट धरावी लागते. वॅगनआरची उंची १६७५ मिलिमीटर, अल्टोची १५२०, सेलेरिओ आणि टियागो त्यांच्या मधल्या. वॅगनआरमध्ये खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. दिसायला ती डबा आहे हे मला मान्य आहे, पण गुडघ्याला रूप कळत नाही.

डिकीचे लिटर कुणालाच समजत नाहीत. अल्टो २१४, टियागो २४२, सेलेरिओ ३१३, वॅगनआर ३४१, हे वाचून काय करणार? मी ह्यांचा घडीचा वॉकर आणि साताऱ्याला नेतो ती बॅग रिक्षात घालून शोरूममध्ये नेली आणि डिकीत ठेवून पाहिली. सेल्समन बघत राहिला. बघू दे.

टेस्ट ड्राइव्हचा त्यांचा रस्ता ठरलेला असतो, गुळगुळीत आणि सरळ. त्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा छान चालेल. तुम्ही म्हणा, रस्ता आमचा. माझा असा होता: पहिल्यांदा भुसारी कॉलनीकडून चांदणी चौकाचा चढ, एसी लावून, चार माणसं बसवून (मी, हे, नणंद आणि नाइलाजाने सेल्समन). एक लिटरचं इंजिन तिथे खरं बोलतं. दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, त्यात कमीपणा नाही, पण मागून ट्रक आल्यावर जीव घाबरतो का ते बघा. मग परत खाली येऊन आमची गल्ली, तिथे एका दमात गाडी वळवता येते का. छोट्या गाडीचं खरं सुख इथे आहे. अल्टो साडेचार मीटरच्या त्रिज्येत वळते, वॅगनआर ४.७ मीटरच्या. शेवटी संध्याकाळचा कर्वे रस्ता.

कर्वे रस्त्यावरच ऑटोमॅटिक घ्यायची की गिअरची, हे ठरतं. या किमतीतल्या ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक एएमटी. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना गाडी हलकीशी मान डोलावते, सुरुवातीला ब्रेक लागल्यासारखं वाटतं. किंचित पाय सैल केला की ते कमी होतं, पण ते अंगवळणी पडायला आठवडा लागतो. किंमत पंचेचाळीस-पन्नास हजार जास्त. चढावर थांबवून ब्रेक सोडून पाहा, गाडी मागे घरंगळते का, तिला क्षणभर जागेवर धरून ठेवणारं हिल होल्ड आहे का. माझा डावा पाय ल्युना आणि स्कूटीच्या काळातला, त्याला क्लचची सवयच नव्हती, म्हणून मी एएमटी घेतली. वर्षानुवर्षं गिअरची गाडी चालवलेल्याला ती आळशी वाटेल. त्याने ते पन्नास हजार वाचवावेत.

सुरक्षेबद्दल मला गोड बोलता येत नाही. गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांसाठी पाचपैकी एक तारा मिळाला होता, अल्टो के१०ला दोन. टियागोला २०२० साली चार मिळाले होते. त्यानंतर २०२५मध्ये वॅगनआर, अल्टो, सेलेरिओ या सगळ्यांत सहा एअरबॅग आल्या, पण पत्रा आणि सांगाडा एअरबॅगने बदलत नाही. आमचं बहुतेक फिरणं तीस-चाळीसच्या वेगाचं आहे, ते धरून मी ही तडजोड डोळे उघडे ठेवून केली. ज्यांना दर शनिवारी द्रुतगती मार्ग किंवा कोल्हापूरचा हायवे धरायचाय, त्यांनी माझी नक्कल करू नये, टियागोपासून बघायला सुरुवात करावी आणि पार्किंगचे दोन इंच कुठून तरी काढावेत.

रंग, टचस्क्रीन, चाकाच्या टोप्या यांवर मुलाने बंगळुरूहून तीन फोन केले. त्यातलं मागचा कॅमेरा एवढंच कामाचं.

आता माझ्या टेबलावरचा विषय. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची गाडी यात बसते. पण जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा सोडून असते, तिच्यावर घर चालत नाही. लेखी, तारखेचं, शिक्क्याचं कोटेशन मागा आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवा.

पहिली ओळ आरटीओची. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर ११ टक्के कर, एकदाच. साडेपाच लाखांच्या गाडीवर साठ हजार पाचशे झाले. नोंदणी, नंबरप्लेट वगैरे थोडं वर. ‘आरटीओ’ या एका शब्दापुढे याहून बरीच मोठी रक्कम दिसली तर फोड करून मागा आणि गाडी आल्यावर कराची पावती घ्या.

दुसरी ओळ विम्याची, आणि लोक सगळ्यात जास्त इथे घसरतात. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे. जून २०२२पासूनचा त्याचा दर १००० सीसीपर्यंत ६५२१ रुपये आणि त्यावर १५०० सीसीपर्यंत १०६४०, वर जीएसटी. हा भाग सगळीकडे सारखाच. (९९८ सीसी आणि ११९७ सीसी यांतला हा चार हजारांचा फरक कुणी सांगत नाही.) घासाघीस असते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. मला शोरूमने चौतीस हजार सांगितले, तेवढीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) धरून बाहेर पंचवीस हजारांत मिळालं. विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती त्यांना करता येत नाही. बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं की त्यांचंही आपोआप खाली येतं.

उरलेल्या ओळी, म्हणजे हँडलिंग, बेसिक किट, कोटिंग, यांवर मी लाल पेनने रेघ मारली. मॅट तुळशीबागेच्या आसपाससुद्धा मिळतात. हँडलिंगचे साडेसहा हजार का, असं विचारल्यावर ‘मॅडम, सगळेच देतात’ हे उत्तर आलं. मी म्हटलं, मी त्या सगळ्यांची कर्जं मंजूर केलीत, मला माहितेय. रेघ राहिली.

कर्ज घेणार असाल तर एकच शब्द विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (उरलेल्या रकमेवरच व्याज)? ‘फक्त पाच टक्के’ ऐकून गिऱ्हाईक खूश होतं. पाच लाख, पाच वर्षं, पाच टक्के फ्लॅट म्हणजे सव्वा लाख व्याज. घटत्या शिलकीवर नऊ टक्क्यांनी घेतलं तरी व्याज जवळजवळ तेवढंच होतं, हप्ता १०,३७९. म्हणजे तो पाचवाला आणि हा नऊवाला जुळे भाऊ. हप्ता हलका दिसावा म्हणून सात वर्षं करून देतात. हप्ता ८,०४५वर येतो आणि एकूण त्रेपन्न हजार जास्त जातात. पाच वर्षांत झेपत नसेल तर एक मॉडेल खाली या.

पूर्ण पैसे देण्याआधी आपल्याला मिळणाऱ्या गाडीचा चेसिस नंबर आणि ती बनल्याचा महिना लिहून घ्या. जानेवारीत गेल्या वर्षीची गाडी नव्या भावात खपवायची हौस असते. सवलत देत असतील तर घ्यायला हरकत नाही, पण माहीत असून घ्या. मग नंबर पडायच्या आधी यार्डात जाऊन गाडी दिवसाउजेडी बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२५ म्हणजे २०२५चा एकतिसावा आठवडा. चारही टायरचे आणि स्टेपनीचे वाचा. काचा खाली-वर करा, एसी दहा मिनिटं चालवा, रंगावर तिरका उजेड पाडून बघा. जॅक आणि पाना आहे का ते डिकीतला गालिचा उचलून बघा.

आणि हार घालून फोटो काढायच्या आधी दुसरी किल्ली मागून घ्या. आमची तीन आठवड्यांनी मिळाली.