यूटीव्हीला पॉवर स्टिअरिंग घ्यावं की नको, कसं ठरवायचं

अमेरिकेत फार्मवरच्या कामाला यूटीव्ही (शेजारी शेजारी सीट, गोल स्टिअरिंग आणि मागे ट्रे असलेली छोटी ऑफ-रोड गाडी) घ्यायला गेलात की बऱ्याचदा एकाच मॉडेलच्या दोन किमती समोर येतात, ईपीएसवाली (म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, मोटर स्टिअरिंग फिरवायला मदत करते) आणि साधी, आणि सेल्समन अर्थातच महागडीचं गुणगान सुरू करतो. खरं सांगायचं तर सरसकट सगळ्यांना ते लागत नाही.

आधी कामाचा विचार करा. सपाट जमीन, कमी स्पीड, मागच्या ट्रेमध्ये थोडी लाकडं नाहीतर चाऱ्याची पोती, एवढंच असेल तर साधी बिनधास्त घ्या. पण पुढे बर्फ ढकलायचा प्लाऊ किंवा विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटरवाली चरखी) लावणार असाल, कंपनीपेक्षा मोठे टायर टाकणार असाल, नाहीतर युटातल्या मोॲबसारख्या खडकाळ ट्रेलवर जाणार असाल तर ईपीएसलाच पैसे घाला. कारण स्टिअरिंग हलकं होतं हा अर्धाच फायदा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग हातातून झटक्यात फिरतं, अंगठा स्पोकच्या आत ठेवायची सवय असेल तर तो मुरगळलाच समजा, तो झटका ईपीएसची मोटर बराचसा खाऊन टाकते. यामाहाने २००७ च्या ग्रिझली ७०० या एटीव्हीवर (बाइकसारखं हँडल असलेली चारचाकी) ईपीएस आणलं तेव्हापासून एटीव्हीवाल्यांना याची चटक लागलीये.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीत पार्किंगमध्ये घेऊ नका, काही कळत नाही. सोबत माणूस बसवा, फोर व्हील ड्राइव्ह टाका, पुढचा डिफरन्शियल लॉक असेल तर मातीवर अगदी हळू चालवत तोही टाकून वळवून बघा. लॉकमध्ये पुढची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून गाडी सरळच जायला बघते आणि साध्या स्टिअरिंगवर खांदे भरून येतात. घरात ज्याच्या हातात सगळ्यात कमी ताकद आहे त्यालाही चालवायला द्या, निर्णय बहुतेक तिथेच होतो.

जुनी गाडी असेल आणि स्टिअरिंग जड लागतंय म्हणून बाहेरून ईपीएसचं किट बसवायचा विचार असेल तर थांबा. पहिल्यांदा टायरची हवा स्टिकरप्रमाणे भरा, हवा कमी असली तरी जड लागतं. मग जॅकवर पुढची दोन्ही चाकं उचला, स्टँड लावा आणि स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवा. हवेतसुद्धा अडकत असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅक गेलंय, ते दुरुस्त करा. त्यावर ईपीएस लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

किटच घ्यायचं ठरलं तर करंटचा हिशोब करा. १२ व्होल्टवर ३०० वॅटची मोटर पूर्ण जोर लावताना २५ अँपिअर खेचते, त्यात विंच आणि लाइट बार एकदम चालू, इंजिन आयडलवर, मग स्टेटर (इंजिनवर चालणारा, वीज बनवणारा भाग) पुरा पडत नाही आणि बॅटरी बसते. म्हणून नवीन घेत असाल तर कंपनीकडूनच बसवून आलेलं बरं, वायरिंग आणि वॉरंटीची कटकट नाही. आणि चालताना कधी ईपीएस बंद पडलं तर घाबरू नका, स्टिअरिंगचा चाकांशी असलेला जोड मेकॅनिकलच असतो, गाडी वळते, फक्त मेलेली मोटरही सोबत फिरवावी लागते त्यामुळे साध्या गाडीपेक्षा थोडी जडच लागेल.